क्रिएटिनिन नॉर्मल, पट्टी ‘निल’: जन्मजात किडनीदोष असलेल्या मुलांच्या तपासणीत या चुका टाळा

‘क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, आता पुढच्या वर्षी बघू.’ सोलापुरातल्या लॅबबाहेर हे वाक्य सारखं ऐकू येतं. (क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा कचरा.) मूल जन्मतः किडनीचा दोष घेऊन आलं असेल, तर ते वर्ष महागात पडू शकतं. लहान मुलांच्या दीर्घकालीन किडनी आजाराचं सगळ्यात मोठं कारण हेच जन्मजात दोष आहेत. कुणाच्या किडनीची वाढच अपुरी असते, कुणा मुलग्याच्या मूत्रमार्गात झडप असते, कुणाची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. यातल्या प्रत्येकाची किडनी पुढे बिघडतेच असं नाही. पण ज्याची बिघडणार, त्याची चाहूल पुष्कळदा रक्ताच्या आधी लघवीत लागते: तिच्यात प्रथिनं जायला लागतात. तपासणी मात्र नीट व्हायला हवी.

छापील ‘नॉर्मल’वर विसंबणं

रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर छापलेली मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. वर्षावरच्या मुलाची किडनी रक्त किती गाळते, हे कळायला एक साधा हिशेब आहे: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. समजा उंची १०० सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.८. कागदावर ना लाल खूण, ना ठळक अक्षर. हिशेब केला तर उत्तर येतं साधारण ५२. दोन वर्षांवरच्या मुलात हा आकडा ९० च्या वर हवा. म्हणजे किडनी जवळजवळ निम्म्या ताकदीवर चालली आहे आणि कागद म्हणतो नॉर्मल! म्हणून दर वेळी उंची मोजून घ्या आणि रिपोर्टवरच लिहा. मूल फार हडकुळं असेल तर क्रिएटिनिन आणखीच फसवं, कारण ते स्नायूंतून येतं. आणि जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तात दिसतं ते बरंचसं आईचं क्रिएटिनिन असतं. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पट्टीवर ‘निल’ आलं म्हणजे झालं, असं समजणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची. अपुऱ्या वाढलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. मूल सारखं पाणी मागतं, रात्री अंथरूण ओलं करतं, डबीतली लघवी पाण्यासारखी दिसते. लघवीत बुडवून रंग बघायची ही पट्टी मोजते ती प्रथिनांची घनता. इतक्या पातळ लघवीत प्रथिनं जात असली तरी पट्टीचा रंग बदलत नाही. म्हणून त्याच नमुन्यात प्रथिनं आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजून त्यांचं गुणोत्तर मागा. दोन वर्षांवर ते ०.२ च्या आत हवं, सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत ०.५ च्या आत. चोवीस तासांची लघवी साठवायची धडपड बहुतेक मुलांना लागत नाही.

शिवाय पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. किडनीच्या नलिकांना इजा झाली की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखी छोटी प्रथिनं लघवीत येतात, ती तिच्या हाती लागत नाहीत.

नमुना कसाही, कधीही देणं

सकाळी उठल्याउठल्याची पहिली लघवी द्या. दिवसभर उभं राहून, खेळून काही मुलांच्या लघवीत प्रथिनं दिसतात, त्याचा किडनीच्या आजाराशी संबंध नसतो. ताप असताना किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना प्रथिनांची तपासणी करू नका, बरं झाल्यावर करा. मे महिन्यात करमाळ्याहून एसटीने पिशवीत आणलेली डबी कल्चरसाठी (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी) काही कामाची नाही. त्या उन्हात जंतू डबीतच वाढतात. नमुना लॅबमध्येच द्या, किंवा बर्फाच्या पिशवीसोबत आणा. तान्ह्या बाळाला चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीचं कल्चर कातडीवरच्या जंतूंमुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

एकाच आकड्यावर घाबरणं किंवा निर्धास्त होणं

गुणोत्तर ०.४ आलं तर पुन्हा तपासा. तीन महिन्यांनी पुन्हा तेवढंच किंवा जास्त आलं, तर त्याला अर्थ आहे. जुने रिपोर्ट फेकू नका. शक्य तोवर एकाच लॅबमध्ये जा.

इंटरनेटवर वाचून काही पालक एनगॅल, किम-१, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर अशा लघवीतल्या खास प्रथिनांच्या तपासण्या विचारतात. संशोधन खरं आहे. लघवीतला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर कमी असलेल्या मुलांची किडनी लवकर ढासळते, असं दिसलं आहे. पण या तपासण्या अजून रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत, आणि एनगॅल तर साध्या इन्फेक्शननेही वाढतं. त्यावर खर्च करण्याआधी गुणोत्तर आणि रक्तदाब नियमित बघा.

ऑपरेशन झालं, आता फाईल बंद

झडप काढली की लघवीची वाट मोकळी होते, पण गर्भातच झालेलं किडनीचं नुकसान भरून येत नाही. वयात येताना शरीर झपाट्याने वाढतं, तेव्हा कमकुवत किडनी मागे पडते. नेमकं त्याच वयात पोरं दवाखान्यात यायला कंटाळतात. प्रत्येक भेटीत मुलांच्या मापाच्या पट्ट्याने रक्तदाब घ्यायला सांगा. युरोपातल्या एस्केप अभ्यासात (२००९) ३८५ मुलांवर दिसलं, की औषधांनी रक्तदाब नेहमीपेक्षा खाली ठेवला तर किडनीची घसरण मंदावते.

मनाने मीठ तोडणं, पाणी मोजणं

‘किडनी म्हणजे मीठ बंद’ हे मोठ्यांकडून ऐकलेलं या मुलांना लावू नका. यातल्या पुष्कळांच्या लघवीतून मीठ आणि पाणी वाहून जातं. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात त्यांचं पाणी अडवलं तर किडनीला थेट धक्का बसतो. मीठ किती, पाणी किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शाळेत वर्गशिक्षकांना तो कागद दाखवा, म्हणजे मधल्या तासाला मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला सोडतील. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तापात आयब्युप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या.