बेस लेगवर रेडिओ गप्प झाला तेव्हा

सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन एकटाच सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारत होतो. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, टॉवरने ‘रिपोर्ट फायनल’ (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर आलास की कळव) सांगितलं होतं. बेसला, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याला, वळलो आणि जाणवलं, बराच वेळ कानात काहीच नाही. कॉल दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला. मान खाली पॅनलकडेच. वर पाहिलं तर वेग ७० नॉटवरून ६० वर आलेला. त्या दिवसाची मोठी चूक हीच. आधी नाक आणि वेग सांभाळा, रेडिओ त्यानंतर.

मग झटपट पाहायचं: आवाज, फ्रिक्वेन्सी, हेडसेटचा जॅक, दुसरा रेडिओ. माझा जॅक गुडघा लागून अर्धवट निघाला होता, पण ते कळलं जमिनीवर आल्यावर. माइकचं बटण अडकलंय का तेही बघा. तसं झालं तर फ्रिक्वेन्सीवर इतरांचं बोलणंही दबतं.

काहीच जमलं नाही तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावा, आणि ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ (उत्तर ऐकू येत नसतानाही बोलतोय) म्हणून आपण कुठे आहोत, काय करणार आहोत ते सांगत राहा. कधीकधी त्यांचा आवाज येत नसतो, आपला मात्र पोचत असतो.

त्यानंतर नजर टॉवरच्या दिव्यावर, रेडिओ नसला की सूचना त्याच्या रंगांतून मिळतात. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. मला फायनलवर स्थिर लाल दिसला, धावपट्टीवर दुसरं विमान होतं. गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. पुढच्या फेरीत हिरवा मिळाला.

दिवसा सिग्नल कळल्याची पोच पंख हलवून द्यायची, रात्री लँडिंग लाइट दोनदा चमकवून. पण बेस आणि फायनलवर पंख हलवण्याची अपेक्षाच नसते, हे बरेच विद्यार्थी विसरतात. इतक्या कमी उंचीवर, कमी वेगात पंख डुलवू नका. उतरल्यावर टॉवरला लगेच कळवा.

हे रंग मी आरटीआरसाठी (विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याची परीक्षा) घोकले होते, कागदावर ते ठसठशीत दिसायचे. दुपारच्या उन्हात तो दिवा एवढासा ठिपका असतो, नेमकं टॉवरकडे पाहिलं नाही तर हुकतो. पहिल्या सोलोआधी (एकट्याने उडवण्याआधी) प्रशिक्षकांना सांगून टॉवरकडून एकदा तो दाखवायला लावा, तोही भर उन्हात.