लेखकाची मुलाखत कशी घ्यावी

गावोगावची ग्रंथालये, साहित्य मंडळे आणि महाविद्यालयांचे मराठी विभाग वर्षातून एकदा तरी एखाद्या लेखकाची प्रकट मुलाखत ठेवतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन किंवा संस्थेचा वर्धापनदिन हे त्याचे ठरलेले मुहूर्त असतात. शिवाय दिवाळी अंकांसाठी घेतल्या जाणाऱ्या छापील मुलाखती वेगळ्याच. लेखक नामवंत असतो, सभागृह भरलेले असते, शाल-श्रीफळ रीतसर होते, आणि तरीही तासाभराने बाहेर पडणाऱ्या श्रोत्याला पुस्तकाविषयी नवे काही कळलेले नसते. याचे खापर लेखकाच्या अबोलपणावर फोडण्याची पद्धत आहे, परंतु दोष बहुतेक वेळा प्रश्नांचा असतो. जो प्रश्न पुस्तक न वाचताही विचारता येतो, त्याला लेखकही फारसा विचार न करता उत्तर देतो. त्यामुळे मुलाखतीची खरी तयारी वाचनापासूनच सुरू करावी लागते.

आधी वाचन

ज्या पुस्तकावर बोलायचे ते दोनदा वाचावे. पहिल्या वेळी हातात पेन्सिल घेऊ नये. सामान्य वाचकाला ते पुस्तक कुठे धरून ठेवते आणि कुठे सोडते हे आपल्यालाच जाणवू द्यावे. दुसऱ्या वाचनाला मात्र वही जवळ ठेवून पानाचा क्रमांक, आवृत्ती आणि तिथे काय घडते याची एका ओळीत नोंद करावी. नोंद करण्याजोग्या जागा कोणत्या, हे थोड्या सवयीने कळू लागते: निवेदक बदलतो ती जागा, काळ एकदम दहा वर्षे पुढे जातो ती जागा, महत्त्वाचे वाटलेले पात्र कारण न सांगता नाहीसे होते ते प्रकरण, वाचकाला हवा असलेला प्रसंग लेखकाने मुद्दाम दोन ओळींत उरकलेला असतो ते पान. अर्पणपत्रिका, मनोगत आणि 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' या मथळ्याखालचा मजकूर पुष्कळ जण गाळतात. तो अवश्य वाचावा, कारण लेखकाने स्वतःच्या पुस्तकाकडे मागे वळून पाहिल्याच्या खुणा तिथेच सापडतात. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली असेल आणि पहिली आवृत्ती हाती लागली, तर दोन्हींची शेवटची प्रकरणे तरी शेजारी ठेवून पाहावीत.

लेखकाची सर्व पुस्तके वाचणे शक्य नसते आणि तसा आग्रहही नको. पहिले पुस्तक आणि चर्चेतल्या पुस्तकाच्या लगेच आधीचे पुस्तक, एवढी दोन वाचली तरी त्याचा प्रवास नजरेत येतो. त्यानंतर त्याच्या जुन्या मुलाखती शोधाव्यात. 'ललित' मासिक १९६४ पासून ग्रंथव्यवहाराला वाहिलेले आहे. जुन्या पिढीतील लेखकांसाठी १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथे'चे अंक चाळावे लागतात, आणि ते पाहण्यासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत किंवा आपल्या जिल्ह्यातील शंभरी ओलांडलेल्या वाचनालयात एखादी दुपार काढावी लागते. जुन्या मुलाखती वाचायच्या त्या प्रश्न उचलण्यासाठी नव्हे. कोणते प्रश्न विचारून विचारून गुळगुळीत झाले आहेत हे त्यातून समजते, आणि जुन्या उत्तरावर नवा प्रश्न बेतता येतो: 'दहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होता की कादंबरीला कथानकाची गरज नाही; या कादंबरीला मात्र घट्ट कथानक आहे. मधल्या काळात काय घडले?'

प्रश्न कसा घडतो

'लेखनाकडे कसे वळलात?', 'लेखनामागची प्रेरणा कोणती?', 'नवोदितांना काय सांगाल?' ही त्रयी मराठी व्यासपीठावर इतकी रुळली आहे की तिच्याशिवाय कार्यक्रम झाला तर काही श्रोत्यांना चुकल्यासारखे वाटते. वाटू द्यावे. या प्रश्नांची उत्तरे लेखकाला पाठ असतात आणि त्याने ती मागच्याच महिन्यात शेजारच्या तालुक्यात दिलेली असतात.

चांगला प्रश्न पुस्तकातल्या एका निश्चित जागेला हात घालतो आणि तिथे लेखकाने घेतलेल्या निर्णयाविषयी विचारतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. पांडुरंग सांगवीकर ही व्यक्तिरेखा म्हणजे लेखक स्वतःच का, हा तिच्याबद्दलचा सर्वांत सोपा प्रश्न. त्याचे उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'थोडाफार' असे येते आणि विषय तिथेच मिटतो. आता दुसरी जागा पाहू. पांडुरंग आपली हकिकत सलग सांगत असताना मध्येच एक वर्ष रोजनिशीच्या रूपात समोर येते. ते वर्ष रोजनिशीतच मांडायचे हे आधी ठरले होते की लिहिता लिहिता सुचले, सलग निवेदनात ते लिहून पाहिले होते का, आणि पाहिले असेल तर काय जमले नाही, असे विचारले की लेखकाला खरोखर आठवावे लागते. उत्तरात लेखनाचे टेबल येते, फाडलेली पाने येतात, त्या काळचे त्याचे वाचन येते. आत्मचरित्राचा धागाही आला तर ओघात येतो.

आत्मकथनाच्या बाबतीत अधिक जपावे लागते. १९७८ साली आलेल्या दया पवार यांच्या 'बलुतं'पासून मराठीत दलित आत्मकथनांची मोठी परंपरा उभी राहिली, आणि अशा पुस्तकांच्या लेखकांना व्यासपीठावर बोलावून बालपणीची उपासमार, अपमान, मारहाण पुन्हा तोंडी सांगायला लावण्याची एक वाईट प्रथाही तिच्यासोबत रुजली. जे दुःख लेखकाने कागदावर एकदा मांडले आहे ते सभागृहाचे डोळे ओलावण्यासाठी पुन्हा वदवून घेऊ नये. प्रश्न लेखनाविषयी असावा. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची अशी दोन नावांत, सांगणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात विभागणी केलेली आहे. अशी रचना ज्या पुस्तकात दिसेल तिथे लेखकाला विचारावे की हे अंतर त्याला का हवे होते, त्यामुळे कोणते प्रसंग लिहिता आले, आणि आत्मकथनात उल्लेख असलेल्या हयात माणसांच्या नावांचे काय केले. वेदनेचे प्रदर्शन न करताही अशा उत्तरांतून ती पुरेशी पोहोचते.

वैचारिक ग्रंथ, इतिहास किंवा समीक्षा यांच्या लेखकाशी बोलताना पद्धत थोडी बदलते. त्याचे मुख्य प्रतिपादन आधी आपल्या शब्दांत तीन-चार वाक्यांत मांडावे आणि 'मी हे नीट समजलो आहे ना?' असे विचारावे. इथेच लेखकाने दुरुस्ती केली तर ती दुरुस्ती म्हणजे श्रोत्यांना मिळालेला पहिला लाभ समजावा. त्यानंतर त्या प्रतिपादनावरचा सर्वांत बळकट आक्षेप पुढे ठेवावा. दुबळा आक्षेप ठेवणे ही एक प्रकारची खुशामतच असते. कोणता पुरावा मिळाला असता तर तुम्ही मत बदलले असते, हा प्रश्न संशोधकाला विचारण्याजोगा आहे, मात्र तो शेवटाकडे ठेवावा.

प्रश्नाच्या बांधणीबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रस्तावना दोन वाक्यांपेक्षा लांबू देऊ नये आणि प्रश्नचिन्हापाशी थांबावे; पुष्कळ मुलाखतकार प्रश्न विचारून झाल्यावर त्याची संभाव्य उत्तरेही सांगून टाकतात, मग लेखकाला 'तुम्ही म्हणता तसेच' एवढेच म्हणणे उरते. एका श्वासात दोन प्रश्न विचारले की लेखक सोपा निवडतो. 'का' या शब्दाने माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, तर 'कसे' आणि 'केव्हा' यांनी तो आठवू लागतो. तासाभराच्या मुलाखतीसाठी बारा ते पंधरा प्रश्न पुरतात. त्यांपैकी पाचांपुढे खूण करून ठेवावी, कारण प्रास्ताविक, सत्कार आणि अध्यक्षांचे दोन शब्द यांनी आपल्या तासातली वीस मिनिटे हमखास खाल्लेली असतात.

व्यासपीठावर

कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी लेखकाशी एकदा फोनवर बोलावे. विषय सांगावेत, प्रश्न सांगू नयेत. फोनवर दिलेले ताजे उत्तर व्यासपीठावर दुसऱ्यांदा शिळे होऊनच येते. कोणत्या गोष्टी टाळायच्या आहेत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. घरातले आजारपण, न्यायालयात चालू असलेला दावा अशा बाबी असू शकतात. वाचून दाखवण्यासाठी दोन-तीन मिनिटांचा उतारा दोघांनी मिळून निवडावा आणि तो मुलाखतीच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनाही पुढचे बोलणे पकडता येते. मानधन आणि प्रवासखर्च यांचा उल्लेख निमंत्रणपत्रातच करावा. पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाकडून आधी मागवून सभागृहाच्या दाराशी विक्रीला ठेवाव्यात. या दोन गोष्टी लेखक स्वतः सहसा बोलून दाखवत नाही.

लेखक आणि मुलाखतकार यांची जुनी मैत्री असेल तरी व्यासपीठावर 'अरे-तुरे' नको. श्रोत्यांना त्या सलगीत शिरता येत नाही. 'सर', 'बाई', 'ताई' यांपैकी जे संबोधन एरवी तोंडात असेल ते ठेवावे आणि साधे 'तुम्ही' वापरावे; प्रत्येक वाक्यात 'आपण' आणि 'आपल्या अजोड लेखणीतून' आले की संभाषणाचे मानपत्र होते.

ऐकणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग आहे, आणि वहीतला पुढचा प्रश्न हा त्याचा पहिला शत्रू. लेखक बोलता बोलता म्हणाला की 'ते प्रकरण मी आईच्या निधनानंतर बदलले', आणि आपण वहीत पाहून 'आता तुमच्या कवितांकडे वळू या' म्हणालो, तर अख्ख्या तासातली एकमेव उघडी खिडकी आपणच लावून घेतली. अशा वेळी वही बाजूला ठेवून फक्त 'कसे बदलले?' एवढे विचारावे. लेखक थांबला तर तीन-चार सेकंद गप्प राहावे. व्यासपीठावर ते फार लांब वाटतात, पण माणूस नेमक्या त्या शांततेनंतरच पाठ नसलेले वाक्य बोलतो. बोलणे भरकटले तर अडवण्यासाठीही पुस्तकाचाच आधार घ्यावा: 'याच संदर्भात पान ११२ वरचा प्रसंग आठवतो' असे म्हटले की कोणाचाही उपमर्द न होता गाडी रुळावर येते.

लेखकाच्या सार्वजनिक भूमिकांविषयी विचारावे की नाही, यावर संयोजक नेहमी घाबरतात. त्या भूमिकेचा लेखनाशी संबंध असेल तर जरूर विचारावे. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई अशा दोन व्यक्ती करता येत नाहीत. प्रतिभा रानडे यांनी त्यांच्याशी केलेल्या संवादाचे 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हे पुस्तक मुलाखतकाराने वाचावेच, विदुषीसमोर न दबता आणि तिचे वडीलपण न विसरता कसे बोलावे, याचा तो पाठ आहे.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. हातात ध्वनिक्षेपक गेला की प्रश्नाच्या नावाखाली भाषण होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

शब्दांकन

मुलाखत छापायची असेल तर खरे कष्ट इथून पुढे आहेत. तासाभराच्या बोलण्यातून ढोबळमानाने सात-आठ हजार शब्द निघतात आणि अंकात जागा असते अडीच-तीन हजारांची. आधी सर्व ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उतरवावे. फोनवरच्या आपोआप टंकन करणाऱ्या सोयी मदतीला घेता येतात, पण व्यक्तिनामे, गावांची नावे आणि बोलीतले शब्द त्या हमखास बिघडवतात, म्हणून ऐकून पडताळणी करावीच लागते. मग काटछाट. समजा, लेखक असे बोलला: 'म्हणजे कसंय, ती विहीर होतीच, आमच्या वाड्यात, नाही, वाड्यात नाही, मागल्या परसात, तर ती मी पहिल्या खर्ड्यात काढूनच टाकली होती बघा.' छापताना हे असे करावे: 'ती विहीर आमच्या मागल्या परसात होती. पहिल्या खर्ड्यात मी ती काढूनच टाकली होती.' अडखळणे गेले, माणूस राहिला. हेच वाक्य 'माझ्या बालपणीच्या परसातील विहिरीला प्रथम मसुद्यात स्थान नव्हते' असे केले तर माणूसही गेला. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्या लेखकाची क्रियापदे प्रमाण करण्याचा मोहही असाच आवरावा. प्रश्नांचा क्रम बदलायला हरकत नाही, पण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली टाकू नये.

तयार मजकूर लेखकाला दाखवावा का? वृत्तपत्रात बातमीसाठी घेतलेली मुलाखत दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. साहित्यिक मुलाखतीची गोष्ट निराळी. १९५३ साली सुरू झालेल्या 'द पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाने लेखकांच्या दीर्घ मुलाखतींची जी परंपरा निर्माण केली, तिच्यात लेखकाला मसुदा पाहून उत्तरे सुधारू देण्याची रीत आहे, आणि त्या मुलाखती आजही संदर्भासाठी वाचल्या जातात. माझे मत असे की मजकूर दाखवावा, पण अटी आधी ठरवाव्यात: उत्तरात भर घालता येईल, तपशील दुरुस्त करता येईल, प्रश्न बदलता येणार नाहीत, आणि सात दिवसांत उत्तर आले नाही तर मजकूर छापायला जाईल. हे तोंडी न ठेवता ई-मेलवर लिहून घ्यावे.

ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकायचे असल्यास त्याची परवानगी छपाईच्या परवानगीहून वेगळी घ्यावी, कारण कागदावर गाळता येणारे वाक्य तिथे गाळता येत नाही. मूळ फाईल काटछाट न करता दोन ठिकाणी जपून ठेवावी, तिच्या नावातच लेखक, मुलाखतकार, गाव आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत कार्यक्रम जिथे झाला त्या ग्रंथालयाच्या संगणकावर देऊन तिची नोंद त्यांच्या दाखल-नोंदवहीत करून घ्यावी.