बालवाडीत समुपदेशक म्हणून जाताय? या चुका टाळा

बालवाडीतून फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "एक मुलगा फार मारतो, तुम्ही जरा येऊन बघता का?" आपण जातो, मुलाला शेजारच्या खोलीत नेतो, खडू-कागद देतो, पाऊण तास त्याच्याशी खेळतो. मूल शहाण्यासारखं वागतं. बाहेर येऊन आपण म्हणतो, "माझ्याजवळ तर छान बसला."

पहिल्या वर्षी मी हेच करत होते. शेवटी एका ताईंनी मला सांगितलं, "मॅडम, तुमच्याजवळ तो एकटा होता. माझ्याजवळ 28 आहेत."

या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच. आपण पंधरा दिवसांतून एकदा जातो, ताई रोज त्या मुलाबरोबर असतात. त्यामुळे आपलं खरं काम ताईंच्या सोबतीने करायचं असतं. मुलाला वर्गाबाहेर काढू नका, तुम्हीच वर्गात जाऊन बसा. निदान दोन सकाळी, प्रार्थनेपासून घरी जाईपर्यंत.

चावणाऱ्या मुलाचं उदाहरण सांगते. वय तीनच्या आतबाहेर. त्याचं नावच 'चावरा' पडलं होतं. मी वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर कोणी काय केलं. आणि पुढे वेळ. दोन दिवसांत तो पाचदा चावला, त्यातले चार प्रसंग डब्याआधी हात धुवायच्या रांगेतले. नळ एकच, पोटात भूक, मागून धक्के, आणि 'माझा नंबर आहे' म्हणायला त्याच्याकडे शब्द नाहीत. या वयात मुलं चावतात ती बरेचदा अशाच कोंडीत. ताईंनीच तोडगा काढला: पाच-पाच मुलं नळावर, बाकीची बसून गाणं म्हणतील. त्याला छातीवर हात ठेवून 'माझा नंबर' म्हणायला शिकवलं. चावणं एका दिवसात थांबलं नाही, पण महिन्याभरात क्वचितच उरलं.

बदल केल्यावर पहिल्या आठवड्यात त्रास वाढला तर घाबरून पद्धत बदलू नका. जुनी युक्ती चालत नाही म्हटल्यावर मूल ती आणखी जोरात करून बघतं. हे ताईंना आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

दुसरी चूक घाईने नाव देण्याची. बांधकामावर आलेल्या कुटुंबातली मुलगी वर्गात महिनाभर बोलत नाही, आणि आपण लगेच निदानाचे शब्द काढतो. घरात पावरी किंवा लमाणी बोलणाऱ्या मुलीला मराठी वर्ग नवाच असतो. शाळेचा पहिला महिना आणि भाषा न येणं, या दोन्ही गोष्टी निवडक मौनाच्या (घरी बोलणारं मूल शाळेसारख्या ठिकाणी बोलतच नाही, त्या अवस्थेच्या) निदानातून मुद्दाम वगळलेल्या आहेत. आधी घरी ती बोलते का ते विचारा, मग कान तपासून घ्या.

पण याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. हाक मारल्यावर वळून न बघणारं, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द न जोडणारं, किंवा येत असलेले शब्द गमावलेलं मूल असेल तर 'मोठं झालं की बोलेल' असं म्हणू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. ते येईपर्यंतही थांबायचं कारण नाही, त्याच आठवड्यात तपासणीसाठी पुढे पाठवा.

सल्ल्याबद्दल थोडं. अंगणवाडी सेविकेकडे वजनं, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधल्या नोंदी, गृहभेटी असं सगळं असतं. तिच्या हातात आणखी एक तक्ता ठेवला तर तो भिंतीवरच राहतो. "आतापर्यंत काय काय करून पाहिलंत?" हा प्रश्न आधी विचारा. आणि मुलं घरी गेल्यावरच बोला, मूल कडेवर असताना नाही.

पालकांशी फाटकात उभं राहून बोलू नका, चार जण ऐकत असतात. एखाद्या मुलाचं वेगळं निरीक्षण करायचं असेल तर आधी आईवडिलांची संमती घ्या. मुलाने लैंगिक अत्याचारासारखं काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, पुन्हा पुन्हा खोदूनही विचारू नका. पोक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा 2012चा, त्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हा नंबर पाठ हवा.

संस्थाचालक कधीकधी ताईंबद्दल अहवाल मागतात. नम्रपणे नाही म्हणा. एकदा का तुम्ही तपासनीस झालात, की ताई अडचणी लपवू लागतात.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी 2005मध्ये दाखवलं, की सरकारी पैशावर चालणाऱ्या बालवर्गांतून मुलं काढून टाकण्याचं प्रमाण मोठ्या शाळांच्या तिपटीहून जास्त होतं, आणि वर्गात येणाऱ्या सल्लागाराची मदत शिक्षकांना मिळत होती तिथे ते कमी होतं. आपल्याकडे 'काढून टाकलं' असं कुणी लिहीत नाही. "थोडा मोठा झाला की आणा" म्हणतात, आणि आई मुलाचं बोट धरून परत जाते. हे वाक्य कानावर आलं तर त्याच दिवशी ताईंजवळ बसा, आणि पहिली दहा मिनिटं मुलाचा विषय काढू नका. त्यांचा दिवस कसा गेला ते विचारा. मी असं विचारलं तेव्हा एक ताई बराच वेळ आपल्या आजारी सासूबाईंबद्दल बोलत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "सोमवारी आणा म्हणते त्याला. पण तुम्हीही या."