रशियन भाषकाला इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत

गोव्यात मोरजी-हरमलच्या बाजूला राहणाऱ्यांना किंवा ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्यांना रशियन बोलणारा विद्यार्थी भेटतोच. त्याच्या हाती शंभर वाक्प्रचारांची यादी देऊ नका. त्याच्या भाषेत वाक्प्रचारांची खाण आहे, सुरुवात तिथूनच करा.

पहिल्या दिवशी त्यालाच विचारा, क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात? तो सांगेल, माशीचा हत्ती करतो. इंग्रज मोल नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याने उकरलेल्या ढिगाऱ्याचा डोंगर करतो आणि आपण राईचा पर्वत. चित्रं वहीत शेजारी शेजारी काढायला लावा. आपण एका दगडात दोन पक्षी मारतो, इंग्रजही तसेच. रशियन माणूस दोन ससे मारतो. कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत डुकरं उडतात, रशियनमध्ये क्रेफिश हा झिंग्यासारखा प्राणी डोंगरावर शिट्टी वाजवतो. अर्थ तोच असल्याने ही जोडी लगेच लक्षात राहते.

खरा वेळ द्या तो फसव्या जोड्यांना. रशियनमध्ये कुणाला 'नाक धरून फिरवणं' म्हणजे फसवणं. इंग्रजीतलं 'लीड बाय द नोज' मात्र आपल्या वेसण घालण्याच्या जवळचं, म्हणजे पूर्ण ताब्यात ठेवणं. 'पांढरा कावळा' हा रशियनांचा चारचौघांत वेगळा उठून दिसणारा माणूस. त्याचं भाषांतर 'ब्लॅक शीप' केलं, तर बिचाऱ्याला घराण्याला बट्टा लावणारा ठरवल्यासारखं होईल. सगळ्यात मोठा घोळ पिशवीतल्या मांजराचा. रशियन माणूस 'पोत्यातलं मांजर विकत घेतो', म्हणजे न पाहता खरेदी करतो. इंग्रजीत त्या जागी डुक्कर असतं. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'मध्ये मांजर आहे, पण तिथे गुपित फुटलेलं असतं! या तिन्हींवर एकेक छोटा प्रसंग त्याच्याकडून लिहून घ्या. नुसत्या व्याख्येने हे पक्कं होत नाही.

मग व्याकरण. रशियनमध्ये, आपल्या मराठीसारखंच, इंग्रजीतले 'अ' आणि 'द' (a, the) नाहीत, त्यामुळे ते सहज गळतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण 'किक अ बकेट' म्हणजे खरोखरच बादलीला लाथ. 'माझा-तुझा'ही तसंच. रशियनमध्ये 'जीभ दातांमागे ठेव' एवढं पुरतं, इंग्रजीत 'होल्ड युअर टंग' म्हणताना 'युअर' हवाच. म्हणून वाक्प्रचार सुटा न शिकवता पूर्ण वाक्यात, मोठ्याने म्हणून घ्यावा.

आठवड्याला पाच-सहा पुरेत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ऐकून समजला म्हणजे झालं. तो आता जुनाट वाटतो, बोलताना 'इट्स पोअरिंग' बरं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शुभेच्छा शिकवा. रशियन लोक म्हणतात, 'ना प्राण्याची लव मिळो, ना पक्ष्याचं पीस'. शिकाऱ्यांची ही जुनी उलटी शुभेच्छा, आणि तिला ठरलेलं उत्तर 'सैतानाकडे!' इंग्रजीत रंगमंचावर जाणाऱ्याला 'ब्रेक अ लेग' म्हणतात, तीही उलटीच, त्यामुळे विद्यार्थ्याला ती चटकन आवडते. फक्त त्याला बजावून ठेवा, इथे उत्तर 'थँक्स' द्यायचं.