जर्मनीतील उन्हाळी वर्ग: मध्ययुगीन इतिहास आणि जर्मन भाषेची तयारी ठाण्यातून कशी करावी

जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात भरतात. ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालये जूनमध्येच सुरू होत असल्यामुळे तीन-चार आठवडे परदेशी जायचे तर उपस्थिती, अंतर्गत परीक्षा आणि प्रकल्प यांची सोय आधीच लावून घ्यावी लागते. बहुतेकांच्या हे लक्षात येते ते मे महिन्यात, विमानाचे तिकीट काढून झाल्यावर. म्हणून पहिले काम परदेशातले नसून आपल्याच महाविद्यालयातले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज द्यावा, त्यात वर्गाच्या नेमक्या तारखा लिहाव्यात आणि परवानगी लेखी घ्यावी. त्याच अर्जात श्रेयांकांचेही विचारून ठेवावे. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक साधारण २५ ते ३० तासांच्या एकूण अभ्यासाचा धरला जातो, आणि त्यातले काही आपल्या पदवीत मोजले जातील की नाही, हे परत आल्यावर विचारण्यापेक्षा जाण्याआधी विचारलेले बरे.

भाषेची सुरुवात त्याहीपूर्वी, निदान एक वर्ष आधी करावी. इतिहासाची व्याख्याने अनेक ठिकाणी इंग्रजीतून असतात, तेव्हा जर्मन तिथे जाऊनच शिकू, असा विचार पुष्कळजण करतात. माझ्या मते ही या सगळ्या तयारीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ए१ या अगदी प्राथमिक पातळीवर गेलेला विद्यार्थी महिनाभर दुकानात पाव मागायला शिकतो, तर बी१ या मधल्या पातळीवर गेलेला तोच महिना संग्रहालयातील फलक, चर्चमधील माहिती आणि प्राध्यापकांचे बोलणे समजून घेण्यात घालवतो. बी१पर्यंत पोहोचायला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. मुंबईत काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथे संस्थेत, हे वर्ग चालतात आणि प्रमाणपत्र परीक्षाही होतात. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला आहे. ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोकलचा वेळ शब्दांच्या चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवला, तर तो प्रवास फुकट जात नाही.

मराठी माणसाला जर्मन शिकताना काही गोष्टी आयत्या मिळतात, आणि त्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात असे मला वाटते. इंग्रजीमार्गे शिकणाऱ्याला डेर, डी, डास ही तीन लिंगे छळतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून ठाऊक आहे. ‘डास मेडशन’ म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी कसा, असा प्रश्न ‘ते पोर’ म्हणणाऱ्याला पडण्याचे कारण नाही. पंचवीस हा आकडा जर्मनमध्ये ‘फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश’, म्हणजे पाच आणि वीस, असाच आधी एकक घेऊन येतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही आपल्या कानाला परके वाटत नाही. ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद तर तुम्ही आणि तू यांचाच आहे. प्राध्यापकांना आणि अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘झी’ म्हणावे, आणि ‘डू’ म्हणण्याची सूचना त्यांच्याकडून येऊ द्यावी.

अर्जातला सर्वांत कठीण कागद म्हणजे हेतुपत्र, म्हणजे हा वर्ग आपल्याला का करायचा आहे ते सांगणारे पत्र. ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ या वाक्याने निवड समितीला काहीच कळत नाही. आपल्या भागातून सुचलेला एकच नेमका प्रश्न घेऊन जावे. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती आणि त्यांच्या काळातील गधेगाळ या प्रदेशात सापडलेले आहेत. अशा शिळेवर वर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, म्हणजे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, आणि खाली गाढवाच्या शिल्पासह दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी असते. मध्ययुगीन युरोपातील दानपत्रांतही शेवटी असाच एक भाग येतो. दान मोडणाऱ्याला देवाचा कोप होईल, किंवा त्याने अमुक इतके सोने दंड म्हणून भरावे, असे त्यात लिहिलेले असते. दान टिकवण्यासाठी एका समाजाने शिवी दगडावर का कोरली आणि दुसऱ्याने शाप चर्मपत्रावर का लिहिला, हा प्रश्न दोन परिच्छेदांत मांडता आला, की हेतुपत्र आपोआप उभे राहते. प्रश्न याहून वेगळा असू शकतो, मात्र तो आपल्या पायाखालच्या जमिनीतून आलेला असावा.

प्रश्न ठरला की ठिकाण निवडणे सोपे होते. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचा अभ्यास करायचा असेल तर उत्तरेकडील ल्युबेक, शार्लमेन या आठव्या-नवव्या शतकातील फ्रँक सम्राटाच्या काळात रस असेल तर आखेन. सम्राट आणि पोप यांच्यातील संघर्ष समजून घ्यायचा असेल तर मात्र ऱ्हाइनकाठच्या प्रदेशाला तोड नाही, आणि मी स्वतः प्रत्येकाला तोच सुचवते. १३८६ मध्ये स्थापन झालेले हायडेलबर्ग विद्यापीठ आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने, आणि तिथून श्पायर, वोर्म्स आणि माइन्त्स ही तिन्ही शहरे प्रादेशिक गाडीने एका दिवसात जाऊन-येऊन पाहण्याजोगी आहेत. श्पायरच्या कॅथेड्रलचा अभिषेक १०६१ मध्ये झाला. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०च्या सुमाराचा आहे. जाण्याआधी एका रविवारी अंबरनाथला जाऊन ते मंदिर तासभर नीट पाहावे. बाह्य भिंतीवरचा एकही हात कोरीव कामावाचून सुटलेला दिसत नाही. श्पायरच्या तळघरात उतरल्यावर उलटा अनुभव येतो: मूर्ती जवळजवळ नाहीतच, लाल आणि पिवळट वालुकाश्माचे चिरे कमानीत आळीपाळीने बसवलेले, आणि सगळा भार जाड खांबांवर. दोन्ही कामे एकाच पिढीतल्या पाथरवटांची आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मध्ययुग हा शब्द पुस्तकी राहत नाही. याच कॅथेड्रलमध्ये चौथा हेन्री पुरलेला आहे. १०७७ मध्ये कानोसाच्या किल्ल्यापुढे पोपची क्षमा मागणारा हा राजा ११०६ मध्ये बहिष्कृत अवस्थेत वारला, त्यामुळे त्याचे शव पाच वर्षे शेजारच्या अभिषेक न झालेल्या छोट्या चॅपलमध्ये पडून होते. संघर्ष मिटला तो ११२२च्या वोर्म्सच्या करारात. हेन्रीची कबर आणि ते चॅपल यांतले अंतर चालून पाहिले, की बहिष्काराचे वजन कळते.

मोडी येत असेल तर ती विसरू नये, आणि येत नसेल तर जाण्याआधी निदान तोंडओळख करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. जुन्या लॅटिन हस्तलिखितांत स्वरावर आडवी रेघ दिसली की पुढचा म किंवा न गाळलेला आहे असे समजायचे असते. राजमान्य राजश्रीचे ‘रा. रा.’ वाचणाऱ्या डोळ्याला असा संक्षेप लवकर सापडतो. कॅरोलिंगियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्यातील, आणि त्यांच्यानंतरच्या ऑटोनियन राजांच्या पत्रांत राजाच्या नावाचे मुद्राक्षर लेखनिक जवळजवळ पूर्ण काढून ठेवी आणि शेवटची एक रेघ स्वतः राजा ओढी, तेवढ्याने पत्र पक्के होई. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उमटल्याशिवाय पत्र पुरे होत नसे. मध्ययुगीन जर्मनसाठी एक वाक्य पाठ करावे: ‘मीन निउवेस हूस’. हेच पुढे ‘माइन नॉयेस हाउस’, म्हणजे माझे नवे घर, झाले. लांब ई, इउ आणि ऊ यांचे काय झाले, ते या तीन शब्दांत सापडते. शब्दांचे अर्थही सरकलेले आहेत. ‘होखगेत्सीत’ म्हणजे तेव्हा कोणताही मोठा उत्सव, त्याचेच आजचे रूप ‘होखत्साइट’ म्हणजे फक्त लग्न. सरावासाठी हायडेलबर्ग विद्यापीठ ग्रंथालयातील मानेसे हस्तलिखित घरबसल्या पाहता येते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या गीतसंग्रहात १३७ पूर्णपानी चित्रे आहेत.

शिष्यवृत्तीसाठी डीएएडी, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, हे पहिले ठिकाण. तिच्या उन्हाळी वर्गांच्या अर्जांची मुदत सहसा आदल्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुरुवातीस संपते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अर्ज पुरा करून ठेवावा.

कागदपत्रांत नावाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव होते, आणि तिकडच्या कार्यालयाने आईचे नावच आडनाव समजून प्रवेशपत्र काढले. ते पत्र पासपोर्टशी जुळेना, आणि दुरुस्तीत अडीच आठवडे गेले. गुणपत्रिकेवरील आणि पासपोर्टवरील व्यक्ती एकच आहे, असे महाविद्यालयाचे शिक्का मारलेले पत्र अर्जासोबतच जोडावे.

नव्वद दिवसांपर्यंतच्या वर्गाला शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच वेळ घ्यावी. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे हवे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा असावा. नूतनीकरण करायचे असेल तर ठाणेकरांना वागळे इस्टेटचे पासपोर्ट सेवा केंद्र जवळ पडते.

तिथे पोहोचल्यावर ‘डॉइचलांडटिकेट’ हा मासिक पास घ्यावा. तो देशभरातील प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांना चालतो, वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. हा पास दरमहा आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून महिना संपल्यावर थांबवायचा असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत किराणा भरून ठेवावा. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या वेळात वर्गातल्या परदेशी मित्रांबरोबर इंग्रजीत गप्पा मारण्यापेक्षा गावातल्या एखाद्या गायनवृंदात किंवा इतिहास मंडळाच्या बैठकीत जाऊन बसावे.

शेवटच्या आठवड्यात सोमवारीच कार्यालयात जाऊन सहभागाचे प्रमाणपत्र मागावे. त्यावर एकूण तास, श्रेयांक, भाषेची पातळी आणि शिक्का या चारही गोष्टी आहेत की नाहीत, हे तिथेच उभे राहून तपासावे, कारण वर्ग संपल्यावर ते कर्मचारी स्वतःच्या सुट्टीवर जातात आणि सप्टेंबरपर्यंत पत्रांना उत्तर मिळत नाही.