फासे सगळ्यांसमोर टाका
डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ ऑनलाइन खेळताना ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर फासे टाकून आकडा तोंडी सांगितला, की तिसऱ्यांदा वीस हा सर्वांत मोठा आकडा आल्यावर कुजबुज सुरू होते. त्यापेक्षा रोल20 या असे खेळ खेळायच्या वेबसाइटच्या चॅटमध्ये तिरपी रेघ, आर, जागा सोडून 1डी20+5 (वीस बाजूंचा एक फासा, अधिक पाच) लिहा (अक्षरं अर्थातच रोमन). बेरजेसकट निकाल सगळ्यांना दिसतो. अ‍ॅडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) असेल तर दोनदा टाकत बसू नका. 2डी20केएच1 लिहिलं की दोनांतला मोठा आकडा आपोआप निवडला जातो. वीस पडण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून 9.75 वर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट! डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) गुपचूप टाकायचं असेल तर आरऐवजी जीएमरोल. आणि हो, 2डी6च्या जागी 1डी12 चालवून घेऊ नका. 2डी6मध्ये 1 कधीच पडत नाही.