नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव करताना रॅम्प आधी मोजा

नागपुरात एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं स्वतःचं सभागृह असेल आणि ते जुनं झालं असेल, तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची इमारत अनुदान योजना जरूर बघा. नवं बांधकाम, जुन्या वास्तूचं नूतनीकरण, ध्वनी-प्रकाश व्यवस्था हे सगळं त्यात बसतं. महानगरांबाहेर कमाल 25 लाख, तेही मंजूर खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंतच. उरलेले किमान 40 टक्के संस्थेने उभे करायचे असतात. त्यामुळे सभासदांची वर्गणी, देणग्या यांची जुळवाजुळव अर्जाआधीच करा. आमदार किंवा खासदार निधीसाठी वेगळी विचारणा करता येते.

आता खरी कळकळीची गोष्ट. अंदाजपत्रकात खुर्च्या, पडदे, एसी पहिल्या पानावर येतात आणि रॅम्प 'नंतर बघू' मध्ये जातो. तो नंतर मावतच नाही! उतार 1:12 लागतो, म्हणजे एक फूट उंचीला 12 फूट लांबी. दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर 18 फूट रॅम्प, शिवाय वर-खाली व्हीलचेअर वळायला सपाट जागा. सीताबर्डीसारख्या दाटीत ही जागा पार्किंगमधूनच काढावी लागते, म्हणून आर्किटेक्टला पहिल्या नकाशातच दाखवायला सांगा. स्वच्छतागृहाचं दार 90 सेंटीमीटर मोकळं हवं. आणि रंगमंच, मेकअप रूम विसरू नका. व्हीलचेअरवरचा माणूस फक्त प्रेक्षक नसतो, कलावंतही असतो. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेकडून वारसा समितीची परवानगी आधी घ्या.